वीज स्वस्त, हवा स्वच्छ: जाहीरनाम्यातली आश्वासनं तपासायची कशी?

सायन_सर्कल
निवडणुकीच्या पत्रकांत दोन वाक्यं ठरलेली असतात. ‘वीजबिल कमी करू’ आणि ‘मुंबईची हवा स्वच्छ करू’. नगरसेवकाच्या पत्रकात तीच, आमदाराच्या तीच, खासदाराच्याही तीच. प्रश्न सरळ आहे: या दोन विषयांवरच्या आश्वासनांवरून उमेदवाराला जोखावं का, आणि जोखायचं तर कसं?

माझं मत असं की आधी ‘कोणता कागद बदलणार?’ हे विचारावं. दर वीज नियामक आयोगाच्या आदेशाने बदलतात, वीज शुल्क राज्याच्या अधिसूचनेने, सबसिडी अर्थसंकल्पातल्या लेखाशीर्षाने, प्रदूषणाची मानकं केंद्राच्या राजपत्राने आणि बांधकामाच्या धुळीचे नियम महापालिकेच्या परिपत्रकाने. उमेदवाराला कागदाचं नाव सांगता आलं नाही, तर ते आश्वासन नाही, शुभेच्छा आहेत.

शेवटची_कर्जत
पहिला! धागा वाचनखूण साठवली आहे.

वीजबिल्वपत्र
चांगला विषय. ‘बिल ३० टक्के कमी’ हे आश्वासन बिलाच्या कागदावर उतरवून बघू. २०२४ च्या विधानसभेला महायुतीने हेच म्हटलं होतं, आणि मविआने ३०० युनिटपर्यंत वापरणाऱ्यांना १०० युनिट माफ. दोन्ही बाजू आल्या, आता कोणी चिडू नये.

घरगुती बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (तारांवरून वीज आणण्याचा) आणि इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चातल्या चढउताराचा), या सगळ्यांच्या बेरजेवर राज्याचं वीज शुल्क लागतं, १६ टक्के. समजा शुल्काआधीची बेरीज २५०० रुपये. शुल्क ४०० आणि एकूण बिल २९००. सरकारने हे शुल्क उद्या संपूर्ण माफ केलं, तरी २९०० वर ४०० म्हणजे जेमतेम पावणेचौदा टक्के. ३० टक्के म्हणजे ८७० रुपये. उरलेले ४७० कुठून येणार?

दोनच वाटा. एक, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने दर कमी करणं. दोन, वीज कायदा २००३ चं कलम ६५. सरकारला एखाद्या वर्गाला आयोगाच्या दरापेक्षा स्वस्त वीज द्यायची असेल तर फरकाची रक्कम कंपनीला द्यावी लागते, आणि तीही आगाऊ. म्हणजे घोषणेच्या दिवशी पैसे बाजूला काढलेले हवेत. १०० युनिट माफीलाही हेच कलम लागू.

म्हणून उमेदवाराला विचारायचं: ३० टक्के कशाचे? युनिटच्या दराचे की एकूण बिलाचे? कोणत्या वर्षाच्या तुलनेत? मुंबईचे चारही पुरवठादार धरून की फक्त महावितरण?

खाडीकिनारी
चौथा मुद्दा सर्वात कळीचा. मुंबईत कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा, भांडुप-मुलुंडला महावितरण. सरकार ‘राज्याचे दर’ म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा महावितरणचे दर असतात. दादरच्या सभेत त्यावर टाळ्या वाजतात, दादरच्या बिलात मात्र काही हलत नाही.

गिरगावचा_गण्या
हे म्हणजे पुण्यात पाऊस पडला म्हणून मुंबईकराने छत्री उघडणं.

पेन्सिलीने_लिहितो
सायन_सर्कल, थोडा असहमत. ‘हा विषय आयोगाचा, आमच्या हातात नाही’ हे कारण नेत्यांच्या फार सोयीचं आहे. तुमची कसोटी त्यांना पळवाट देते. दर वाढले की आयोग स्वायत्त, कमी झाले की सरकारचं यश!

महावितरणचंच घ्या. २८ मार्च २०२५ ला आयोगाचा बहुवार्षिक दर आदेश आला, काही दिवसांत त्याला स्थगिती मिळाली, फेरविचार होऊन २५ जूनला नवा आदेश आला आणि १ जुलैपासून दर लागू झाले. त्यावर पहिल्या वर्षी १० टक्के आणि पाच वर्षांत २६ टक्के कपात, असं मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं. आदेश आयोगाचा, घोषणा सरकारची. श्रेय घेता येत असेल तर जबाबदारीही घ्या.

आणि सरकारचे हात इतके बांधलेलेही नाहीत. आयोगाचे सदस्य कलम ८५ च्या निवड समितीच्या शिफारशीवरून राज्य सरकारच नेमतं. कलम १०८ खाली सार्वजनिक हिताच्या धोरणात्मक बाबींवर आयोगाला निर्देश देता येतात. महावितरण तर सरकारचीच कंपनी. तिने याचिकेत किती महसूल मागायचा हे मंत्रालयाला माहीत नसतं, असं कोणी मानत असेल तर त्याला साष्टांग नमस्कार.

सायन_सर्कल
@पेन्सिलीने_लिहितो, मान्य. कसोटी दुरुस्त करतो: कागद कोणता, आणि त्या कागदापर्यंत तुमचा हात कसा पोचतो? सही, निर्देश, नेमणूक, पैसा, की नुसतं निवेदन?

वीजबिल्वपत्र
पेन्सिलीने यांच्या मुद्द्यात भर. स्वस्त दराचा एक सापळा आहे. आयोगाने कंपनीचा खर्च मान्य केला पण दरवाढ टाळली, तर फरक ‘नियामक मत्ता’ म्हणून पुस्तकात राहतो आणि पुढे व्याजासकट वसूल होतो. निवडणुकीच्या वर्षात हे फार गोड लागतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये अशा साठलेल्या रकमा १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त सात वर्षांत संपवायला सांगितलं आहे. दर कमी झाल्याची बातमी आली की आदेशात ही रक्कम वाढली की घटली ते आधी बघा. वाढली असेल तर कपात नव्हे, उधारी.

दुसरी जागा म्हणजे इंधन समायोजन आकार. तो महिन्यागणिक बदलू शकतो, त्याची पत्रकार परिषद होत नाही. दर बदलण्याआधीचं आणि नंतरचं बिल शेजारी ठेवून एकूण रकमेला युनिटने भागा. येणारा आकडाच खरा. पण दोन्ही महिन्यांचे युनिट साधारण सारखे हवेत, नाहीतर ०-१००, १०१-३०० हे टप्पे बदलतात आणि मे महिन्याच्या एसीचं खापर मंत्र्यावर फुटतं.

शेवटची_कर्जत
खापर फुटू द्या हो, तेवढाच गारवा.

ट्रामच्या_वेळचा
बेस्टचा विषय निघाला म्हणून. नगरसेवकाचा वीजदराशी संबंध नाही असं समजू नका. बेस्ट हा महापालिकेचाच उपक्रम. बसचा तोटा विजेच्या ग्राहकांकडून ‘ट्रान्सपोर्ट डिव्हिजन लॉस रिकव्हरी’ या नावाने वसूल होत होता, जुनी बिलं काढून बघा. म्हणजे बसला पालिकेने किती अनुदान द्यायचं हा निर्णय आणि शहरातलं वीजबिल, यांची गाठ बांधलेली होती. बस स्वस्त आणि वीजही स्वस्त म्हणणाऱ्या नगरसेवकाने पालिकेच्या अर्थसंकल्पातलं बेस्टचं अनुदान किती वाढवणार तो आकडा द्यावा.

‘वीज कंपनी निवडायचं स्वातंत्र्य देऊ’ हे एक पालुपद. उपनगरात ते २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आलंच आहे, तार एकाची आणि वीज दुसऱ्याची. पण वहन आकार आणि क्रॉस सबसिडी अधिभार (जुनी कंपनी सोडल्याबद्दल तिला द्यायची भरपाई) बिलात येतात, म्हणून नुसत्या युनिटच्या दराची तुलना फसवी. बेस्टच्या भागात तसं होत नाही, कारण कलम ४२ मध्ये आधीपासून वीज वाटणाऱ्या स्थानिक संस्थेला वेगळं काढलं आहे. तिथे हे आश्वासन द्यायचं तर संसदेत दुरुस्ती हवी. नगरसेवकाने दिलं तर चहा पाजून निरोप द्यावा.

माहुलगाव_रिटर्न
विजेवर किती बोलाल, हवेवर या की. ‘कडक कायदा करू’ म्हणणाऱ्या खासदाराला एकच विचारा: जनविश्वास कायद्याच्या वेळी तुमच्या पक्षाने काय केलं? २०२३ च्या त्या दुरुस्तीने पर्यावरण संरक्षण कायदा आणि हवा कायद्यातल्या बहुतेक गुन्ह्यांची कैद काढली. पर्यावरण कायद्याच्या कलम १५ खाली आधी पाच वर्षांपर्यंत कैद होती, आता १० हजार ते १५ लाखांपर्यंत दंड, तोही न्यायालय नव्हे तर नेमलेला अधिकारी ठरवणार.

याची दुसरी बाजूही आहे. आधी कैद होती तेव्हा खटले वर्षानुवर्षं पडून राहायचे आणि आत कोणी जात नव्हतं. दंड झटपट होत असेल तर बरंच. पण मोठ्या कारखान्याला १५ लाख ही रक्कम कमाल असेल तर तो दंड नाही, भाडं आहे. हा आकडा वाढवायला कोणी तयार आहे का, ते जाहीरनाम्यात शोधा.

खाडीकिनारी
मंडळाचं एक साधन लोकांना माहीत नसतं: बँक हमी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्यांना चालवायचं संमतीपत्र देताना अटींपोटी बँक हमी घेतं आणि अटी मोडल्या की ती जप्त करू शकतं. खटला नको, तारीख नको. आमदाराला विचारायचा प्रश्न असा: तुमच्या मतदारसंघातल्या किती आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटची हमी गेल्या वर्षात जप्त झाली? उत्तर नसेल तर माहिती अधिकारात मागा, १० रुपयांचा अर्ज, ३० दिवस. अर्जात ‘प्रदूषणाबाबत काय कारवाई केली’ असं मोघम लिहू नका, ‘प्रती जोडल्या आहेत’ छापाचं उत्तर येतं. प्लांटचं नाव, संमतीपत्राचा क्रमांक, हमीची रक्कम, जप्तीची तारीख, असं सुटं सुटं मागा.

आणि रिक्त पदं. नियम कितीही कडक करा, नमुना घ्यायला माणूसच नसेल तर काय? कोणत्याही पक्षाच्या पत्रकात ‘मंडळातली क्षेत्र अधिकाऱ्यांची पदं भरू’ हे वाक्य सापडलं तर माझ्याकडून वडापाव.

गिरगावचा_गण्या
वडापावमधला पाव लाकडाच्या भट्टीतला की पीएनजीच्या, म्हणजे पाइप गॅसच्या?

माहुलगाव_रिटर्न
गण्याने गंमत केली, पण या शहरात पुढाऱ्याची खरी परीक्षा तिथेच होते. उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनावर जायला सहा महिने दिले, पालिकेच्या नोटिशीत ८ जुलै २०२५ ही मुदत होती. सकाळच्या सभेत ‘स्वच्छ हवा’ म्हणणारेच संध्याकाळी बेकरीवाल्यांच्या शिष्टमंडळात. दोन्हीकडे जाणं चूक नाही. पण भट्टी बदलायची तर काय लागतं ते बघा. लाकडाच्या भट्टीला खालून आच आणि जाड विटांची साठवलेली ऊब असते, त्यात नुसता गॅसचा बर्नर बसवला तर पाव एका बाजूला करपतो. त्यामुळे बहुधा भट्टीच बदलावी लागते. गल्लीत पीएनजीची लाइन नसेल तर जोडणीसाठी रस्ता खोदायची परवानगी, आणि ती देणार वॉर्ड ऑफिस. विजेच्या ओव्हनला मंजूर भार वाढवावा लागतो, जुन्या इमारतीत त्यासाठी मीटरच्या खोलीपासून नवी केबल. नगरसेवकाच्या हातात यातलं खोदकामाचं काम थेट आहे. मुदतवाढ मागणारा आणि खोदकामाची परवानगी आठवड्यात मिळवून देणारा, यात फरक करता आला पाहिजे.

पेन्सिलीने_लिहितो
+१. या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद.

निळा_डबा
‘हवा सुधारली’ असा दावा सत्ताधारी करतात, ‘बिघडली’ असा विरोधक, आणि दोघांकडे आकडा असतो. एक्यूआय म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा चोवीस तासांचा निर्देशांक, ज्या प्रदूषकाचा उपनिर्देशांक सर्वात वाईट तोच त्या मोजणी केंद्राच्या नावावर. म्हणून तो आजच्या दिवसासाठी ठीक, पाच वर्षांच्या हिशेबाला नाही. हिशेबाला पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, वार्षिक सरासरी घ्या. भारताचं मानक घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून ५. मानक कोणतं धरलं हे न सांगता ‘मानकाच्या आत’ म्हणणाऱ्याला थांबवा.

महिन्यांची तुलना करायची तर डिसेंबरची डिसेंबरशी. पावसात हवा धुऊन निघते आणि समुद्रावरून वारा असतो, जुलैत प्रत्येक पक्ष पर्यावरणवादी दिसतो. हिवाळ्यात वारा बराच वेळ जमिनीकडून येतो, थंड थर खाली दबून राहतो आणि धूळ वर जात नाही. शिवाय मधल्या काळात नवी केंद्रं बसली असतील तर शहराची सरासरी आपोआप बदलते. तीच केंद्रं, तेच महिने, आणि किती दिवसांची नोंद गायब आहे तेही बघा. केंद्र बंद पडायचे दिवस वाईट हवेचे निघाले की सरासरी सुंदर होते.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचं उद्दिष्टही असंच सरकत गेलं. २०१९ मध्ये २०२४ पर्यंत धूलिकणांत २० ते ३० टक्के घट ठरली होती, मग २०२६ पर्यंत ४० टक्के. आकडा मोठा झाला आणि तारीख लांबली.

शेवटची_कर्जत
तारीख लांबली की आकडा मोठा करायचा, हे माझ्या सोसायटीच्या रंगकामाच्या कोटेशनसारखं.

ट्रामच्या_वेळचा
तारीख लांबण्याचा विक्रम औष्णिक केंद्रांच्या नावावर. सल्फर डायऑक्साइडची मानकं डिसेंबर २०१५ ला आली, पाळायची होती २०१७ पर्यंत. मग पुन्हा पुन्हा मुदतवाढ, आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने बहुसंख्य केंद्रांना एफजीडीची (धुरातला सल्फर काढणाऱ्या यंत्रणेची) सक्तीच राहिली नाही. दशलक्ष लोकवस्तीच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतली केंद्रं मात्र सुटलेली नाहीत, त्यांना २०२७ अखेरची मुदत. मुंबईकरांनी यावर खूश व्हायचं कारण नाही, सल्फेटचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात.

तेव्हा खासदाराला विचारा: मसुदा राजपत्रात आला असेल तर त्यावर हरकत नोंदवली का? पर्यावरणाच्या अधिसूचनांना साधारण ६० दिवसांची मुदत असते. सभागृहात तारांकित प्रश्न विचारला का? दोन्ही गोष्टी तपासता येतात.

आरे_तुरे
आणि आरे? कोणीच कसं बोललं नाही?

सायन_सर्कल
@आरे_तुरे, नाव बघून तुमचीच वाट बघत होतो.

आरे_तुरे
मग ऐका. ‘झाडं वाचवू’ हे आश्वासन कागदाच्या प्रकाराने कसं टिकतं किंवा पडतं, त्याचा हा नमुना. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्रीपासून मेट्रो ३ च्या कारशेडसाठी झाडं पडली, २,१४१. सर्वोच्च न्यायालयाचा ‘जैसे थे’ ७ तारखेला आला, तोवर तोड झालेली होती. नवं सरकार आलं, २९ नोव्हेंबरला कारशेडला स्थगिती. आश्वासन पाळलं! ऑक्टोबर २०२० ला कारशेड कांजूरमार्गला नेली. पण ती जमीन केंद्राची की राज्याची हा वाद आधीचाच, आणि डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. जून २०२२ च्या अखेरीस सरकार बदललं आणि जुलैत कारशेड पुन्हा आरेत.

म्हणजे स्थगिती हा सर्वात स्वस्त कागद. एका सहीने येतो, एका सहीने जातो. याच काळात आरेतली आठशेच्या आसपास एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय झाला, तो कागद जास्त जड. तिथेही बघायचं काय, तर भारतीय वन कायद्याचं कलम ४ म्हणजे फक्त इरादा, मग हक्क-दाव्यांची चौकशी, आणि कलम २० ची अधिसूचना निघाली की वन पक्कं. ‘आम्ही जंगल घोषित केलं’ म्हणणाऱ्याला विचारा, कलम कितवं?

पेन्सिलीने_लिहितो
यात दुसरी बाजू विसरू नका. तीच ‘मेट्रो ३’ मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावते आहे, आणि प्रत्येक फेरीत काही गाड्या रस्त्यावरून कमी करते. कारशेडला विरोध म्हणजे पर्यावरण आणि बाजू म्हणजे विनाश, इतकं सोपं असतं तर धागा दोन प्रतिसादांत संपला असता.

आरे_तुरे
मेट्रोला विरोध कोणी केला होता? जागेला होता. असो. हा वाद इथे वाढवत नाही, संपादक धागा वाचनमात्र करतील.

गिरगावचा_गण्या
*पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, निराशा झाली.*

वीजबिल्वपत्र
शब्दांच्या कसरतीचा एक नमुना राहिला. जून २०२४ मध्ये तेव्हाच्या ऊर्जामंत्र्यांनी जाहीर केलं की सामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही. पुढे स्मार्ट मीटर बसले, पण पोस्टपेड, आणि नाव ‘टीओडी मीटर’, म्हणजे वेळेनुसार दर लावणारा. आश्वासन मोडलं का? ‘प्रीपेड’ या शब्दावर बोट ठेवलं तर पाळलं, ‘स्मार्ट’वर ठेवलं तर मोडलं. त्या मीटरमुळे महावितरणच्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटला ८० पैसे ते १ रुपया सवलत मिळते, हेही खरं. पण मुंबईत नवरा-बायको दोघं त्या वेळेत ऑफिसात, सवलत फ्रिज घेतो.

निळा_डबा
आणि सौर पॅनेल? ‘प्रत्येक सोसायटीच्या छतावर सौरऊर्जा’ हे हल्ली सगळ्यांच्या पत्रकात असतं.

खाडीकिनारी
ती सबसिडी केंद्राच्या सूर्यघर योजनेची, फेब्रुवारी २०२४ पासून. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार. स्थानिक उमेदवाराचा त्यात फोटोपुरता वाटा. २० किलोवॅटला सावली नसलेली साधारण २०० चौरस मीटर गच्ची लागते, महिन्याला सरासरी २४०० युनिट धरा, पावसात बरेच कमी. लिफ्ट आणि पंपाचं सामाईक मीटर निघतं. बिघडतं कुठे? पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्या पूर्ण ओळीचं उत्पादन घसरू शकतं. खाऱ्या हवेत साधं लोखंडी स्ट्रक्चर गंजतं, गॅल्व्हनाइज्ड हवं. आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये भोकं पाडली की जुनी वॉरंटी गेली. पालिकेच्या हातातलं काही हवं असेल तर मालमत्ता करात सूट मागा, तो ठराव पालिकेचा.

सायन_सर्कल
मूळ प्रश्नाकडे येतो. वाचून मत जरा बदललं आहे. जाहीरनामा कोर्टात बांधत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यातली आश्वासनं भ्रष्ट आचरण नाहीत असं सांगितलं. आचारसंहितेत मात्र जाहीरनाम्यात खर्चाची वाट ढोबळपणे दाखवावी असं आहे, ती किती जण दाखवतात ते आपण बघतोच. त्यापेक्षा विधिमंडळात मंत्र्याने दिलेलं आश्वासन वजनदार, कारण त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. त्यामुळे विद्यमान आमदाराला जाहीरनाम्यावर नको, सभागृहातल्या प्रश्नांवर जोखावं असं आता वाटतं.

ट्रामच्या_वेळचा
आणि सबसिडीचं आश्वासन असेल तर दोन वर्षांनी अर्थसंकल्पाचं पुस्तक उघडा. २०२५-२६ च्या पुस्तकात २०२३-२४ चा ‘प्रत्यक्ष खर्च’ असतो. अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष, तीन रकाने. भाषणं पहिल्या रकान्यावर होतात.

पेन्सिलीने_लिहितो
नवख्या उमेदवाराचं काय? त्याच्याकडे ना प्रश्न, ना रकाना.

सायन_सर्कल
त्याला वॉर्डातल्या एका आरएमसी प्लांटचं नाव आणि संमतीपत्राची मुदत विचारा. गृहपाठ केला असेल तर सांगेल. नसेल तर तो ‘बघतो’ म्हणेल.

शेवटची_कर्जत
आमच्याकडे काल येऊन गेला. ‘बघतो’ म्हणाला.